परत आलेला खोका

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, घडी-खात्यात,
अकरा वर्षं मी टॉवेलच्या घड्या घालते.
आधी आडवी, मग उभी, मग किनार आत.
खोक्यावर पत्ता असतो, तो वाचत नाही.
वाचून काय, आपल्याला थोडंच जायचंय.

पण हा खोका परत आला.
आत पाच डझन निळे,
आणि वर एक चिठ्ठी, मॅनेजरनं मोठ्यानं वाचली:
रंग जुळत नाही. आमचा समुद्र असा नाही.

रंगखात्याचे सिरसुल्ला मामा,
चाळीस वर्षांत नखं जांभळी झालेला माणूस,
म्हणाले, "समुद्र कुणी बघितलाय काय बे इथं?"
सगळे गप्प.
एक पोरगा म्हणाला, मी कंबर तलाव बघितलाय की.

रात्री पद्मजानं मोबाइलवर ते बेट काढलं.
आधी दिसेचना. तीळ.
बोटांनी ताणलं तसं वाढलं:
लांबी नऊ किलोमीटर,
म्हणजे विडी घरकुल ते जुळे सोलापूर, मी हिशेब केला.
मधे एक विझलेला डोंगर, कडेला माड,
आणि पाणीच पाणी.
नदी एकही नाही.
"मग पितात काय?"
"पावसाचं साठवतात. कमी पडलं तर जहाजानं येतं."
"किती दिवसाआड?"
"ते लिहिलं नाही, आई."
आमच्या दाराशी सहा ड्रम, तळाला गेलेले.
नळ उद्या. पहाटे तीनला. आला तर.

माणसं चार हजार दोनशे.
भाषा तीन: एक घरातली, एक कचेरीतली,
एक बंदरावर घासाघीस करायची.
हे मला समजावून सांगावं लागलं नाही.
मी आईशी तेलुगूत बोलते, मुकादमाशी मराठीत,
मल्लव्वाशी मोडक्या कन्नडात,
आणि मिक्सर बिघडला की तिन्हीत.

राज्य कुणाचं, तिथं पद्मजा अडखळली.
बेट त्यांचं, सरकार लांबचं.
गव्हर्नर येतो, तीन वर्षं राहतो, पांढरे कपडे घालतो, जातो.
जे त्याला पाठवतात त्यांना निवडायला
इथल्यांचं मत चालत नाही.
गावची पंधराजणांची सभा आहे, ठराव करते.
"ठरावाचं काय होतं?"
"लांब पाठवतात."
त्याच जहाजानं जात असतील, रिकाम्या ड्रमांबरोबर.

पोट कशावर?
खोबरं होतं, भाव गेला.
मासे होते, परक्या मोठ्या बोटी आल्या.
आता हॉटेलं.
तांदूळ बाहेरून, खिळे बाहेरून, कांदा बाहेरून,
कापड बाहेरून.
ह्या शेवटच्या दोन शब्दांत कुठंतरी मी बसलेली,
पाय आखडून.

एक फोटो होता. पलंगावर टॉवेलचा हंस,
मान वाकडी, चोच आत खोचलेली.
ही घडी मला येत नाही.
कुणा बाईनं घातली असणार, पाहुणा यायच्या आत,
पुढच्या खोलीची घाई करत.
तिचा हात फोटोत नाही.

सकाळी तोच माल पुन्हा तपासायला घेतला.
तिसऱ्या डझनात एक टॉवेल वापरलेला.
झटकला तर वाळू.
साखरेहून बारीक, मधेच शिंपल्याचा चुरा.
कुणीतरी पाय पुसले होते,
मगच ठरवलं, निळा चुकलाय.
मल्लव्वा केरसुणी घेऊन आली, मी म्हटलं थांब,
आणि चिमूटभर काडेपेटीत भरली.

मामांनी सात नमुने काढले.
मागच्या अंगणात दोरीवर टाकले, त्रेचाळीसच्या उन्हात.
दहाला एक रंग, बाराला दुसरा,
ढग आला तेव्हा साती जण राखाडी.
मामा कितीतरी वेळ नुसते उभे.
मग मॅनेजरला म्हणाले, "लिहा त्यांना,
समुद्र किती वाजताचा पाहिजे."

जेवणाच्या सुट्टीत मी परत आलेल्यातला एक घेतला.
दोन्ही बाजूंनी गुंडाळला, मधे दुमडला,
मान उभी केली. पडली.
पुन्हा केली. बाजूला कलंडली.
मल्लव्वा कडक भाकरी मोडत बघत होती.
म्हणाली, "कोळी."
तिच्या भाषेत कोंबडी.